इसार, सौदा आणि आजीचं वाडगं

मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये एक नवीनच साथ आली होती. रात्री मेस सुटली की दोघे-तिघे एका मोबाईलभोवती बसायचे आणि अमेरिकेतला कोणीतरी गृहस्थ त्यांना 'एक पैसा न गुंतवता घरांचा धंदा' शिकवायचा. तिकडे याला होलसेलिंग म्हणतात. अडचणीत आलेलं घर शोधायचं, मालकाशी करार करायचा आणि तो करारच जास्त पैशात दुसऱ्याला विकून मोकळं व्हायचं. घर आपल्या नावावर येतच नाही, रंग नाही, दुरुस्ती नाही, मधला फरक तेवढा खिशात. आमच्या रूम पार्टनरने तर वहीत हिशोबही मांडला होता. कॅम्पसला नंबर लागला नाही तर हेच करायचं म्हणे!

मला हसू आलं. कारण हा धंदा मी तेल्हाऱ्याला माझ्या आजोळी लहानपणापासून बघत आलोय. फक्त तिथे त्याला इंग्रजी नाव नाही. 'मामा काय करतात?' असं कोणी विचारलं तर आई म्हणायची, 'इसार करतात.' बस्स.

मित्रांनो, हा लेख त्या इसाराबद्दल आहे. थोडा हिशोब, थोडा कायदा, आणि एक गोष्ट जी मी स्वतः टेप धरून मोजली, तीही यात आहे. आम्ही सिव्हिलवाले चार वर्षं सर्व्हेइंग शिकतो, पण मोजमापाने कोणाचं किती भलं-बुरं होतं ते मला वर्गात कळलं नाही, ते तेल्हाऱ्याच्या एका गल्लीत कळलं.

आधी अमेरिकेचा हिशोब संपवू, म्हणजे तो डोक्यातून जाईल. तिकडे सत्तर टक्क्यांचा एक ठोकताळा चालतो. घर दुरुस्त झाल्यावर समजा दोन लाख डॉलरला जाईल. त्याचे सत्तर टक्के म्हणजे एक लाख चाळीस हजार. दुरुस्तीला चाळीस हजार लागणार, ते वजा केले की राहिले एक लाख. दुरुस्त करून विकणारा गिऱ्हाईक याच्यापेक्षा जास्त देणार नाही. मधल्या माणसाला दहा हजार सुटायला हवे असतील तर त्याने मूळ मालकाशी नव्वद हजारांत करार करायचा. मालक कोण? ज्याचे हप्ते थकलेत, ज्याचा घटस्फोट चाललाय, जिचा नवरा वारलाय आणि छत गळतंय ती. घाई हाच या धंद्याचा कच्चा माल. तिथेही याचा बोभाटा झाला. इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये असे सौदे वारंवार करणाऱ्याला दलालीचं लायसन सक्तीचं केलं. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये जो कायदा केला, त्याच्या नावातच अशा लोकांना शिकारी म्हटलंय. आमच्या विंगमधल्या व्हिडिओत हे काही सांगत नाहीत.

आता तेल्हारा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अकोल्याहून अकोट, अकोटहून पुढे तेल्हारा. उत्तरेला सातपुडा डोळ्यासमोर उभा असतो. वारीला वान नदीवर हनुमान सागर धरण आहे. डोंगराच्या बाजूला गोडं पाणी, आणि दक्षिणेला पूर्णेकडे उतरलं की खारपाणपट्टा, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. जमिनीचे भाव या एका गोष्टीवर ठरतात. आणि अलीकडे दुसरी एक गोष्ट आली आहे, ती म्हणजे रेल्वे. अकोला-खंडवा ही जुनी मीटरगेज लाईन मेळघाटातून जायची. ब्रॉडगेज करताना ती व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरून, अडगाव-हिवरखेडकडून वळवायचं ठरलं. झालं! लाईनची गिट्टी पडायच्या आधी इसारांचा पाऊस पडला. कोणाच्या शेतातून जाणार, स्टेशन कुठे होणार, हे चहाच्या टपरीवर बसून लोक नकाशासकट सांगायचे.

पण मामाचा हात शेतीपेक्षा घरांवर जास्त. जुन्या गावात धाब्याची घरं आहेत. मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर सागाचे म्याल, त्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात आत एसीसारखं थंड वाटतं. पण धाब्याला दरवर्षी माती लागते, नाली काढावी लागते, माणूस लागतो. पोरगा पुण्याला चाकणला कंपनीत, घरात एकटी म्हातारी. दोन पावसाळे कोणी वर चढलं नाही की एक खण खाली येतो. मामाला ते रस्त्यावरून जाताना दिसतं. 'हे घर यंदा विकाले निघते,' तो म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते निघतं.

इसार म्हणजे नेमकं काय ते आता नीट पाहू, कारण इथेच सगळी गंमत आहे.

मालक आणि घेणारा यांचा भाव ठरतो. घेणारा काही रक्कम आगाऊ देतो, तो इसार. कागद होतो. आमच्याकडे त्याला इसारचिठ्ठी किंवा सौदाचिठ्ठी म्हणतात. पूर्वी तो शंभराच्या स्टॅम्पवर व्हायचा. ऑक्टोबर २०२४ पासून शासनाने शंभर-दोनशेची जागा पाचशेला दिली, तेव्हापासून पाचशेच्या. त्यात मुदत असते, चार महिने, सहा महिने. मुदतीत उरलेले पैसे देऊन सब-रजिस्ट्रारकडे खरेदी लावायची. आणि शेवटी कुठेतरी एक ओळ असते जी वाचताना कोणाच्या लक्षात येत नाही : 'खरेदी घेणार यांचे नावे किंवा ते सांगतील त्यांचे नावे खरेदी करून देईन.' या 'ते सांगतील त्यांचे नावे' मध्येच मामाचा सगळा धंदा बसलेला आहे. सहा महिन्यांत तो खरा गिऱ्हाईक शोधतो आणि खरेदी सरळ त्याच्या नावावर लावतो. स्वतःच्या नावे आधी घेतलं असतं तर मुद्रांक शुल्क दोनदा बसलं असतं.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याचं कलम ५४ म्हणतं की विक्रीच्या कराराने मिळकतीत कुठलाही हक्क किंवा बोजा तयार होत नाही. म्हणजे इसार देणारा घराचा मालक तर नाहीच, चतकोर मालकही नाही. त्याच्याकडे एवढंच आहे की, उद्या मालक फिरला तर तो कोर्टात जाऊन 'करार पुरा करून द्या' असं मागू शकतो, तेही तीन वर्षांच्या आत. हा मागण्याचा हक्क दुसऱ्याला देता येतो. विशिष्ट साहाय्य कायदा १९६३, कलम १५ तसं म्हणतं, मात्र करारातच 'दुसऱ्याला देऊ नये' असं लिहिलेलं असेल तर नाही. तेव्हा मामा जे विकतो ते घर नव्हे. तो खुर्चीवरचा रुमाल विकतो, एसटीत खिडकीतून टाकतात तसला! रुमालाची किंमत खरी की खोटी हा वेगळा प्रश्न, पण गाडी भरलेली असेल तर लोक देतात.

आणखी एक गैरसमज आमच्याकडे फार आहे. मुखत्यारपत्र घेतलं, पैसे दिले, ताबा घेतला, म्हणजे घर आपलं झालं. तसं नाही. सूरज लॅम्प या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं की मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र एकत्र बांधून मालकी जात नाही. त्याला नोंदलेलं खरेदीखतच लागतं. आणि ताबा दिलेला करार नोंदवलेला नसेल, तर २००१ च्या दुरुस्तीनंतर त्या ताब्याला कलम ५३अ चं संरक्षणही मिळत नाही. म्हणजे इसारावर घर फिरवणाऱ्या माणसांच्या साखळीत शेवटचा जो असतो, तोच अनेकदा उघड्यावर असतो.

आता गोष्ट सांगतो. भाव मी गोल केले आहेत आणि माणसांची नावं नाहीत. ती गावातच आहेत आणि हे मासिक तिकडेही जातं.

२०२३ ची दिवाळी. मी सेकंड इयरला होतो. आजोळच्या गल्लीत, चार घरं सोडून एक आजी राहायच्या. आम्ही पोट्टे त्यांच्या घरी बोरं आणि चिंचा खाऊन मोठे झालो. आजोबा वारून तीन वर्षं झाली होती. मृत्युपत्र वगैरे काही नाही. मुलगा चाकणला, मुलगी अकोटला दिलेली. ती माझ्या आईची मैत्रीण, म्हणून माझी मावशी. त्या पावसाळ्यात मागच्या खोलीचा एक खण बसला होता आणि आजींच्या ऑपरेशनचं कर्ज मुलाच्या डोक्यावर होतं. मामाने हे आधीच हेरलं होतं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, 'भाचेबुवा, तुमची इंजिनिअरिंग दाखवा जरा. टेप घ्या, तेवढं घर मोजून द्या.'

मला फार भारी वाटलं. कॉलेजचं शिक्षण पहिल्यांदा कोणाच्या कामी येत होतं. मी तीस मीटरची टेप घेऊन गेलो. आजींनी चिवडा दिला, स्वतः टेपचं टोक धरून उभ्या राहिल्या. समोरची रुंदी ३१ फूट. रस्त्यापासून मागच्या भिंतीपर्यंत ४८ फूट. ३१ गुणिले ४८, म्हणजे १४८८ चौरस फूट. नगर परिषदेच्या कर पावतीवर साधारण तेवढंच होतं. मी वहीत लिहून निघणार तेवढ्यात मामा म्हणाला, 'मांगचं वाडगं?'

मागे वाडगं होतं. पूर्वी तिथे बैलं बांधायचे, आता शेजाऱ्याची एक म्हैस आणि काटेरी झुडपं. आजी म्हणाल्या, 'ते काई आपलं नाई बाप्पा, ते सरकारी आहे म्हनत होते.' मामा काही बोलला नाही. मी झुडपातून वाट काढत मोजलं. मागची नाली येईपर्यंत २३ फूट. संध्याकाळी मामाने त्याच्या पिशवीतून एक कागद काढला. १९६८ च्या खरेदीखताची नक्कल, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसमधून काढलेली. आजोबांनी घर घेतलं तेव्हाची. चतुःसीमेत लिहिलेलं होतं : पश्चिमेस सरकारी नाली. लांबी ७१ फूट, रुंदी ३१.

४८ आणि २३, ७१. माझं मोजमाप तंतोतंत जुळलं! खरं सांगतो, मला आनंद झाला. एक इंचाची चूक नाही. मी मामाला टाळी दिली.

कर आकारणीत वाडगं नव्हतं, कारण ते बांधकाम नव्हतं. करपावती ही मालकीचा कागद नाही, हे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिच्यावरचं क्षेत्र बहुतेक वेळा कर बसवण्यापुरतं असतं. जिथे नगर भूमापन झालंय तिथे आखीव पत्रिका काढावी, गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघावा, पण त्याहीपेक्षा जुनं खरेदीखत शोधावं आणि त्यातली चतुःसीमा जागेवर उभं राहून वाचावी. आजींकडे ते खरेदीखत होतंच, पेटीत, आजोबांच्या फोटोखाली. वाचता येत नव्हतं एवढंच.

तिसऱ्या दिवशी इसार झाला. नऊ लाख. म्हणजे १४८८ चौरस फुटांना साधारण ६०५ रुपये फूट, जो त्या गल्लीचा भाव होता. कागदावर मात्र 'मागील वाडग्यासह, चतुःसीमेप्रमाणे' असं लिहिलं. तसं धरलं तर क्षेत्र २२०१ चौरस फूट आणि भाव ४०९ रुपये. चिठ्ठी वाचून दाखवली, पण ती कशी वाचतात तुम्हाला माहीत आहे. इसार ५० हजार, चेकने. (स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोखीने घ्यायला २०१५ पासून बंदी आहे. मामा अशा बाबतीत फार काटेकोर.) मुदत सहा महिने. आजींना खरंच पैसे हवे होते. त्या रात्री त्यांनी आमच्याकडे पेढे पाठवले.

मामाचा हिशोब बघा. आधी त्याच्या मनात फक्त घर होतं. कृषी केंद्रवाल्या एका गिऱ्हाईकाला गोडाऊनसाठी जागा हवी होती, तो अकरा लाख द्यायला तयार होता. फरक दोन लाख, गुंतवणूक पन्नास हजार, म्हणजे सहा महिन्यांत चारशे टक्के. वाडगं निघाल्यावर तोच गिऱ्हाईक साडेचौदा लाखांवर आला, कारण मागच्या नालीकडून ट्रॅक्टर लागत होता. आता फरक साडेपाच लाख. अकराशे टक्के! मेकॅनिकलवाले आयुष्यभर एफिशिअन्सीच्या मागे असतात, त्यांनी हा आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा.

इथे मामाची बाजूही सांगायला हवी, नाहीतर तो सिनेमातला व्हिलन वाटेल. तसा तो नाही. इसारात पैसे बुडतातही. मुदतीत गिऱ्हाईक मिळालं नाही तर इसार जातो. एकाच घराचा इसार दोघांकडून घेणारे मालक आहेत, वारसांपैकी एक जण ऐनवेळी सही करत नाही, बँकेचा बोजा निघतो. हिवरखेडकडच्या रेल्वेच्या नादात मामाचे स्वतःचे दोन इसार बुडाले. आणि त्याच्यासारखा माणूस नसता तर आजींचं घर विकायला चाकणच्या मुलाने सुट्टी काढून किती फेऱ्या मारल्या असत्या? गिऱ्हाईक शोधणं हे कामच आहे, त्याचे पैसे मिळायला हवेत. माझा प्रश्न तेवढ्यापुरता नाही. प्रश्न ते २३ फूट.

मला तेव्हा कायदा माहीत नव्हता. पोटात मात्र काहीतरी बरोबर वाटत नव्हतं. मी मामाला म्हटलं, 'मामा, आजीले सांगाले पाहिजे ना, वाडगं त्यायचंच आहे म्हणून.' तो म्हणाला, 'काहून? मी कायले सांगू? बजारात कापूस घेनारा सांगते का, उद्या भाव वाढनार आहे म्हनून?'

हा युक्तिवाद वजनदार आहे. मी हॉस्टेलवर परत आलो आणि तो डोक्यात घेऊन पेपर दिले. बाजारात कोणी कोणाला भाव सांगत नाही, हे खरं. पुढे अकोल्याच्या एका वकिलांनी मला समजावलं की, कायद्याने इथेच एक बारीक रेघ ओढली आहे. कलम ५५. त्यात विकणाऱ्याने घेणाऱ्याला काय सांगायचं ते आहे : मिळकतीतला किंवा मालकीतला दोष, जो घेणाऱ्याला साध्या काळजीने कळणार नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच कलमात घेणाऱ्यावरही एक कर्तव्य टाकलंय, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. विकणाऱ्याच्या हक्काचं स्वरूप किंवा व्याप्ती याबद्दलची एखादी गोष्ट घेणाऱ्याला माहीत आहे, विकणाऱ्याला ती माहीत नसावी असं त्याला वाटायला कारण आहे, आणि त्या गोष्टीने त्या हक्काची किंमत बरीच वाढते, तर ती त्याने सांगितलीच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक, असं कलमाच्या शेवटी सरळ म्हटलं आहे.

म्हणजे बघा. 'मागून रेल्वे येणार आहे' हे मामाने सांगितलं नसतं, तर ते कापसाच्या भावासारखं. चालाखी म्हणा, पण या कलमात बसत नाही. 'तुमची जमीन तुम्हाला वाटते त्यापेक्षा ७१३ चौरस फूट जास्त आहे' हे न सांगणं मात्र वेगळं. ती बाजाराची माहिती नाही, ती तिच्याच मालकीची माहिती आहे. आणि ती टेप लावून काढली होती मी.

अमेरिकेचे व्हिडिओ आपल्याकडे लागू होत नाहीत याचं दुसरं कारणही याच गोष्टीत आहे, ते म्हणजे वारस. आजोबा मृत्युपत्र न करता गेले. घर त्यांनी स्वतः घेतलेलं. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे बायको, मुलगा, मुलगी, तिघांना सारखा वाटा. लग्न झालेल्या मुलीला वाटा नाही असं अजूनही गावात म्हणतात, ते १९५६ पासूनच चूक आहे. इसारचिठ्ठीवर सही फक्त आजींची. म्हणजे त्यांनी खरं तर एक तृतीयांशाचाच सौदा केला होता. मामाला हे माहीत होतं, तो मुलाची आणि मुलीची सही खरेदीच्या वेळी घेणार होता. मुलगा फोनवर 'हो' म्हणाला. राहिली मावशी.

फेब्रुवारीत मी दोन दिवस घरी गेलो होतो. मामाने मला अकोटला पाठवलं. 'तुले वयखते ते. तू सांग, नऊ लाख झाले, सही कराले ये म्हना.' मी गेलो. मावशीने जेवायला बसवलं, ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी. माझ्या परीक्षेची चौकशी केली. मग वाढता वाढता सहज विचारलं, 'नऊ लाख म्हंजे वाडगं धरून का?'

मी घास चावत राहिलो. खोटं सांगणं सोपं होतं. 'ते तर सरकारी आहे ना मावशी' एवढंच म्हणायचं होतं. आजी स्वतःच तसं म्हणाल्या होत्या, म्हणजे ते माझं खोटंही ठरलं नसतं. पण विचारणारी बाई वाढत होती आणि मी त्यांच्या वाडग्यातल्या बोरांवर वाढलेलो. मी म्हटलं, 'धरून. आणि वाडगं तुमचंच आहे. तेवीस फूट. मीच मोजलं.'

पुढचं थोडक्यात सांगतो. मावशीने भावाला फोन केला, भाऊ पुढच्या रविवारी आला, पेटीतून खरेदीखत निघालं. मामा चिडला. कोर्टात जातो म्हणाला, अकोल्याला वकिलांकडे गेला. मला सोबत नेलं, बहुतेक लाज आणण्यासाठी. वकिलांनी चिठ्ठी वाचली, नक्कल पाहिली, आणि मामाला विचारलं की नक्कल कोणत्या तारखेची? नक्कल इसाराच्या दहा दिवस आधीची होती, शिक्का होता. वकील म्हणाले, 'हा कागद तुमच्याच विरुद्ध जाईल. शिवाय सही तिघांपैकी एकीची. मिटवा.' वर सांगितलेलं कलम ५५ मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मिटलं. तेरा लाख वीस हजारांवर नवा करार झाला, तिघांच्या सह्यांनी. ६०० रुपये फूट, २२०१ फुटांना. गिऱ्हाईक साडेचौदाला होताच. मामाला एक लाख तीस हजार सुटले. पन्नास हजारांवर तेही वाईट नाही, पण तो मला आजही 'वकीलसाहेब' म्हणतो आणि दिवाळीला ओवाळणी आईच्या हातात देऊन जातो, माझ्याशी बोलत नाही. एप्रिल २०२४ मध्ये खरेदी लागली. आजी अकोटला गेल्या.

आता इतर रस्त्यांबद्दल दोन शब्द, कारण विंगमध्ये विचारणारे विचारतात.

बँकेच्या लिलावातली घरं हा सरळ मार्ग आहे. सरफेसी कायदा २००२ चा. कर्ज थकलं की बँक साठ दिवसांची नोटीस देते, मग ताबा, मग तीस दिवसांची नोटीस देऊन लिलाव. शेतजमीन या कायद्यातून वगळली आहे. इथे इसाराचा खेळ चालत नाही, पैसे खरेच लागतात. आणि आत कोणी राहत असेल तर त्याला काढण्याची डोकेदुखी आपली.

दुसरा रस्ता आपल्या वऱ्हाडात जुना आणि वाईट, तो म्हणजे सावकाराची खरेदी. पैसे उसने द्यायचे आणि तारण म्हणून सरळ खरेदीखतच करून घ्यायचं, 'दोन वर्षांत पैसे आणले की परत करून देतो' हे फक्त तोंडी. कायद्यात सशर्त विक्रीचं गहाण आहे, पण ती परतीची अट त्याच दस्तात लिहिलेली पाहिजे असं कलम ५८ म्हणतं. तोंडी अटीवर किती शेतं गेली असतील, कोण मोजणार! यावर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा आहे. सावकारीच्या व्यवहारातून गेलेली जमीन किंवा घर असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत तसं निघालं तर तो खरेदीखत अवैध ठरवून मिळकत परत देण्याचा आदेश करू शकतो, कलम १८. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला हवा. आपल्या हॉस्टेलमध्ये निम्मी मुलं शेतकऱ्यांची आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. घरी कोणाच्या बाबतीत असं झालं असेल तर तारीख बघा.

मामाचं एक शहाणपण मात्र मी घेतलं. तो घर बघताना वर बघतो. धाब्याच्या घरात खरी किंमत कधी कधी म्यालांची असते. सातपुड्याचं जुनं सागवान, साठ-सत्तर वर्षांचं, कीड नाही. इसारचिठ्ठीत लाकडाचं कोणी लिहीत नाही. घराला जोडलेलं सगळं घरासोबत जातं, असा नियम, म्हणजे विकणाऱ्याला लाकूड वेगळं ठेवायचं असेल तर तसं लिहून घ्यावं लागतं. आजींच्या घराच्या नव्या करारात मावशीने एक ओळ घालायला लावली : समोरचा दरवाजा चौकटीसह विक्रीत नाही. गिऱ्हाईकाला गोडाऊनला शटरच लावायचं होतं, तो हो म्हणाला. दरवाजा ट्रॅक्टरमध्ये घालून अकोटला गेला. मावशीच्या स्लॅबच्या घरात तो बसत नाही, उंची जास्त आहे. तसाच व्हरांड्यात भिंतीला उभा करून ठेवला आहे.

राहिला रूम पार्टनर. त्याच्या गावात, पातुरकडे, एक घर विकायला निघालंय म्हणे. मालक म्हातारा आहे, घाई आहे, आणि याचे बाबा इसार द्यायला तयार आहेत. त्याने मला मोजायला बोलावलंय. मी म्हटलं येतो, पण आधी जुन्या खरेदीखताची नक्कल काढ, आणि मोजताना टेपचं दुसरं टोक मालकाच्याच हातात दे. तो म्हणतो विचारून सांगतो. शनिवारी गेलाय.